रादामेसच्या खणातली केबल

रादामेस कियालाच्या घरी काटे-चमचे रंगाच्या रिकाम्या डब्यात राहतात आणि केबली महोगनीच्या कपाटात. हे कपाट त्याच्या बायकोला, एलोइनाला, तिच्या आईनं लग्नात दिलं होतं. तीन खण, पितळी मुठी, वर वेलबुट्टी. वरच्या खणात चमचे, मधल्यात टेबलावरची कापडं, खालच्यात मेणबत्त्या अशी एलोइनाची साधी योजना होती. पण संसारात योजना एकाची असते आणि खण दुसराच भरतो. आधी मेणबत्त्या बाहेर पडल्या, मग कापडं, शेवटी चमचे. पाहुणा आला की कॉफीबरोबर चमचा देताना एलोइना आजही सांगते, "चमच्याला जरा रंगाचा वास येईल हं. केबलींना येत नाही, त्या चांगल्या घरात वाढल्यात."

रादामेस हे शांतपणे ऐकून घेतो. केबल फेकणं त्याच्या रक्तात नाही. सांता एदुविहेसच्या साखर कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. चिमणी तेवढी उभी आहे, आणि तीही पाडायचं यंत्र कुणाकडे नाही म्हणून. कारखाना मोडला तेव्हा लोकांनी आठवण म्हणून पत्रे नेले, पाइप नेले, एकानं तर भोंगा नेला. त्याच्या कोंबड्या त्यात अंडी घालतात. रादामेसनं वायरी आणल्या, आणि पुढं वस्तीत कंप्युटर यायला लागले तेव्हा त्या वायरींच्या जोरावर तो कंप्युटरवाला झाला.

वस्तीचा एकच कायदा आहे: जे बसतं, ते चालतं. एलोइनाच्या पंख्याला रशियन वॉशिंग मशीनची मोटर आहे. घोडागाडीला मोटारीची चाकं आहेत. खुद्द रादामेसच्या पुढच्या दातांपैकी एक त्याच्या आतेभावासाठी केलेला होता. त्याला बसला नाही, ह्याला बसला. अक्रोड सोडून सगळं चावता येतं, आणि इथे अक्रोड मिळतोय कुठे.

कंप्युटर उघडला की मात्र हा माणूस एकदम पाद्री होतो. आधी अंगठी काढतो. मग मोरीतल्या नळाला हात लावून अंगातली वीज उतरवून येतो. मग मदरबोर्डाकडे बघून हलकेच म्हणतो, "परवानगी असावी." पॉवर सप्लायचा तो मोठा रुंद प्लग दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबत जातो. मदरबोर्ड कसाव्याच्या भाकरीसारखा लवतो, आणि बघणाऱ्याचं काळीजही त्याच्याबरोबर लवतं. त्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही, कारण शेवटी जो 'टक्' व्हायला हवा तो रादामेसला ऐकायचा असतो. ऐकू आला नाही तर तो प्लग काढून पुन्हा लावतो. "नुसतं आत गेलेलं दिसून काय होतंय," तो म्हणतो. "लग्नाला साक्षीदार लागतो ना, तसा इथे टक् लागतो."

समोरच्या घरात सोइला राहते. तिचा नवरा फिलिबेर्तो कारखान्यात उसाच्या गाड्यांची वजनं करायचा, पण ते नुसतं पोटासाठी. खरं काम म्हणजे उभ्या उभ्या कवन रचून गाणं. दहा ओळींचं कवन, यमक हुकायचं नाही, आणि कुणी टोमणा मारलाच तर त्याच यमकात परत. वस्तीतलं लग्न, बारसं, डुक्कर भाजण्याची मेजवानी, काही त्याच्यावाचून पार पडायचं नाही. त्यामुळे स्वतःच्या घरी तो फारसा नसायचाच.

तो गेल्यावर त्याचं गाणं कॅसेटींवर उरलं. त्यांना बुरशी धरायला लागली तेव्हा रादामेसनंच एकेक कॅसेट पुसून, वाजवून, सगळं सोइलाच्या कंप्युटरच्या डिस्कवर उतरवलं. वेळेवर सुचलं म्हणायचं, कारण पुढच्याच वादळात सोइलाचं छप्पर उडालं आणि कॅसेटी छपरामागून गेल्या.

"एक प्रत माझ्याकडे ठेवतो," रादामेस तेव्हा म्हणाला होता. "असावी."

"मुळीच नाही," सोइला म्हणाली. "जिवंत होता तोवर घरोघर हिंडला. आता एका घरात राहू दे."

रादामेसनं प्रत केली नाही.

मग दर रविवारी दुपारी, वीज असली तर, सोइला खिडकी उघडून फिलिबेर्तोला लावायची. गल्ली आपापल्या खुर्च्या घेऊन जमायची. शेवटी भाताचं कवन, सगळ्यांच्या आग्रहाखातर. ते सोइलावरच होतं. भात करपला म्हणून मी बोललो, तर तिनं माझं बोलणंच करपवलं, झाडू घेऊन फाटकापर्यंत पोचवायला आली, असं करत करत नवव्या ओळीला फिलिबेर्तो थांबायचा, गिटार एकदाच छेडायचा आणि म्हणायचा, "एवढं होऊन तुझ्याच दारी का परततो मी, सोइला, तर..."

इथे सोइला तरातरा उठून कॉफी टाकायला आत जायची. तो जिवंत असतानाही ह्याच ओळीला उठायची. "चारचौघांत बायकोची अब्रू काढतो," असं पुटपुटत. ती उठली की गल्ली अशी खिदळायची की दहावी ओळ त्यात वाहून जायची. लोक ओळीला हसायचे की सोइलाच्या उठण्याला, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

आमच्याकडे वीज जाते तेव्हा काही बिघडत नाही. येते तेव्हा बिघडतं. एकदा ती अशी तावातावानं आली की सोइलाच्या कंप्युटरचा पॉवर सप्लाय फट् करून बसला. रादामेसनं बाकीचं सगळं तपासलं. मदरबोर्ड धड होता, डिस्क धड होती. "फिलिबेर्तो ठीक आहे," त्यानं सोइलाला सांगितलं. "फक्त त्याला पोटाला मिळत नाहीये."

रादामेसची मुलगी मायदोलिस पनामात असते. तिला निरोप गेला. तिनं चांगल्यातला नवा पॉवर सप्लाय घेतला आणि नोराइदाकडे दिला. नोराइदा ही मायदोलिसची धर्ममाय; त्या नात्यानं रादामेस तिला कोमाद्रे म्हणतो आणि ती त्याला कोंपाद्रे. पनामातून सामान आणून देणं हा तिचा व्यवसाय. अशा माणसांना आमच्याकडे खेचर म्हणतात आणि तीही स्वतःला अभिमानानं खेचरच म्हणवते. विमानात वजनाची मर्यादा असते, त्यामुळे नोराइदा वस्तूकडे बघते ती वजनकाट्याच्या नजरेनं. बूट आणायचे तर त्यांच्या आत मोजे कोंबून आणते, मोज्यांत लसणाची पूड भरते.

फिलिबेर्तोचा वाढदिवस तोंडावर आला होता. दर वर्षी त्या दिवशी सोइला रताळ्याचा हलवा करते, दालचिनी घालून, आणि गल्लीला त्याचं गाणं ऐकवते. पण यंदा महिनोन्‌महिने तिच्या घरातून आवाज नव्हता. ती रोज फाटकाशी येऊन रादामेसला नुसतं भुवयांनी विचारायची. तो खांद्यांनी उत्तर द्यायचा.

वाढदिवसाच्या आदल्या सकाळी नोराइदा घोडागाडीतून उतरली. रादामेसच्या टेबलावर तिनं एक काळा, जड ठोकळा ठेवला. टॉवेलात गुंडाळलेला.

"खोकं कुठाय, कोमाद्रे?" रादामेसनं विचारलं.

"खोक्यानं काय वीज येते? खोकं पनामात राहिलं. आतला स्पंज राहिला. आणि एक पिशवी होती केबलींची, चांगली गच्च भरलेली. ती काढली."

रादामेसनं टॉवेल उलगडून झटकून बघितला.

"असा काय बघतोस, कोंपाद्रे? तुझ्या घरी केबली आणायच्या म्हणजे कारखान्यात साखर न्यायची. मायदोलिस 'असू दे, असू दे' म्हणत होती. मी म्हटलं, पोरी, तुझ्या बापाच्या कपाटात काय आहे ते मला ठाऊक आहे, तुझ्या आईनं मला रंगाच्या चमच्यानं कॉफी पाजलीय." मग पिशवीत हात घालून तिनं एक पुडकं एलोइनासमोर ठेवलं. "तेवढ्या वजनात हे बसलं. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. वर्षभर पुरतील."

आता ह्यावर रागवायचं तरी कुणावर? रादामेसनं गोळ्यांकडे बघितलं, एलोइनाकडे बघितलं आणि नोराइदाला कॉफी दिली.

ठोकळा तपासल्यावर त्याच्या जिवात जीव आला. मदरबोर्डाची मोठी केबल आणि प्रोसेसरची छोटी, ह्या दोन्ही ठोकळ्यातूनच निघत होत्या. त्या कापून आणणं नोराइदालाही जमलं नसतं. बाकीच्यांसाठी पाठीवर नुसती छिद्रं होती. म्हणजे डिस्कची एक केबल तेवढी हवी. त्यानं मधला खण उघडला. कुणाच्या तरी मेलेल्या कंप्युटरची, दुसऱ्याच कंपनीची, काळी चपटी केबल त्याला मिळाली. ती त्यानं ठोकळ्याच्या पाठीवर लावून बघितली. टक्. अशी बसली की जणू ह्याच घरची लेक.

रादामेस अडाणी नव्हता. जुन्या केबलींत लाल वायर पाच व्होल्टची, पिवळी बाराची, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या. ह्या कंपनीच्या ज्या छिद्रातून पाच येतात, त्याच छिद्रातून त्या कंपनीचे बारा येत असतील, तर बाहेरून कळायला मार्ग नाही. त्यासाठी मल्टिमीटर लावून बघायचं, आणि लावायचं हे त्यानं ठरवलंच होतं. पण मल्टिमीटरची बॅटरी उतरलेली. त्यानं ती जिभेला लावली तर झिणझिणी नाही, नुसतं कोमट लागलं. मीटरमध्ये घातली तर पडद्यावर एक आकडा उगवला आणि लाजून मावळला.

"बॅटरी मिळेपर्यंत थांब," एलोइना म्हणाली.

"कुठे मिळेपर्यंत?" रादामेसनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. सोइला जेवणानंतर रादामेसच्या घरी येऊन बसली. निळा पोशाख, कानात मोती, मांडीवर हलव्याचं भांडं. गल्ली दाराशी खुर्च्या टाकून बसली. रादामेसनं अंगठी काढली, नळाला हात लावला, परवानगी मागितली. मोठा प्लग दाबला. सगळ्यांनी श्वास धरला. टक् झाला आणि सोइलानं छातीवर क्रूस काढला.

"आता फक्त ती यायची," रादामेस म्हणाला. ती म्हणजे वीज.

बऱ्याच वेळानं गल्लीच्या त्या टोकाकडून आरोळी उठली, "आली, आली," आणि घराघरांतून तीच पुढं सरकत आली. कुणाचा रेडिओ मध्येच बोलायला लागला. रशियन मोटर घरघरली.

रादामेसनं आधी डिस्क न लावता कंप्युटर चालू केला. पंखा फिरला, पडदा उजळला. इथवर सगळं ठीक. मग त्यानं तो बंद केला आणि खणातली केबल हातात घेतली. पुन्हा एकदा मल्टिमीटरकडे बघितलं. मल्टिमीटरनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"काय झालं, पोरा?" सोइलानं विचारलं. रादामेसला नातवंडं आहेत, पण सोइलाच्या लेखी तो पोरच, आणि त्याच्या लेखी ती दोन्या, म्हणजे थोरली बाई.

"काही नाही, दोन्या सोइला. एक मोजायचं राहिलंय."

"मोज की मग."

"मोजायचं यंत्र मेलंय."

"बसतेय ना केबल?" दाराशी बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"बसतेय."

"मग झालं तर. लाव लवकर, वीज काय तुझ्या सासरची आहे थांबायला?"

बसत होती हे खरं होतं. आयुष्यभर जे बसलं होतं, ते चाललं होतं. दातसुद्धा. वीज कधीही गेली असती, आणि समोर सोइला दोन्ही हातांनी भांडं धरून बसली होती, जसं स्टेशनावर माणूस कुणाला तरी उतरून घ्यायला बसतं. रादामेसनं केबल डिस्कला लावली आणि बटण दाबलं.

आवाज झाला तो अगदी लहान. वाळका शेंगदाणा फोडावा एवढा. डिस्कच्या पोटाखालून धुराचा एक दोरा निघाला, वर गेला आणि रशियन मोटरच्या वाऱ्यानं मोडला. मग करपल्याचा वास आला.

"भात," सोइला अर्धवट उठत म्हणाली. "एलोइना, तुझा भात लागला."

एलोइनाच्या चुलीवर काहीच नव्हतं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती काही बोलली नाही. रादामेसच्या आयुष्यात हे फार थोड्या वेळा घडलं आहे.

त्यानं केबल काढली. कंप्युटर पुन्हा चालू केला. तो तर ठणठणीत होता. पंखा नव्या नवरदेवासारखा फिरत होता, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली होती.

"काय म्हणतोय?" सोइलानं विचारलं.

रादामेसनं ओळ दोनदा वाचली. "घरात कुणी नाही, म्हणतोय."

एरवी अशा वेळी वीज जाते. नको तेव्हा जाणं हाच तिचा स्वभाव. आता ती गेली असती तर 'बघू पुन्हा आली की' म्हणून रादामेसला संध्याकाळपर्यंत सुटता आलं असतं. तो वर दिव्याकडे बघत राहिला. दिवा त्याच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी वीज गेलीच नाही. सूर्य बुडेपर्यंत अशी टिच्चून उभी राहिली, जशी ती कारखाना चालू होता तेव्हाही कधी राहिली नव्हती.

"दोन्या सोइला," शेवटी तो म्हणाला, "मी जाळली."

"काय जाळलंस?"

"डिस्क. केबल दुसऱ्या कंपनीची होती. जिथे पाच द्यायचे तिथे मी बारा दिले."

सोइलानं जरा विचार केला. "म्हणजे जास्त खायला घातलंस."

"हो."

"सगळंच गेलं? भाताचं पण?"

"सगळं एकाच ठिकाणी होतं."

"ते मला सांगू नकोस," सोइला म्हणाली. "ते मीच सांगितलं होतं तुला." मग तिनं भांडं एलोइनाकडे दिलं. "वाढ सगळ्यांना. रताळ्याचा काय दोष."

लोकांनी हलवा खाल्ला. हलवा उत्तम झाला होता, पण तसं म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

पुढचे काही दिवस रादामेसनं जे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. डिस्कच्या पोटावरची हिरवी पट्टी काढली. तिच्यावर तांदळाएवढा एक भाग काळा झाला होता, असा भाग जो स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. तो त्यानं नेलकटरनं उपटला. डिस्क फिरली नाही. तांदूळ जळला होताच, पण त्याच्यामागचा मोठा चौकोनही फुगला होता. अगदी ह्याच जातीची, ह्याच आकड्याची डिस्क मिळाली तर तिची पट्टी हिला लावून बघता येईल. येईलच असं नाही. मायदोलिसला निरोप गेला. ती म्हणाली, "बाबा, ही जात आता कुणी विकत नाही. जुन्या बाजारात बघते."

संध्याकाळी एलोइनानं रंगाचा डबा आणून कपाटाजवळ ठेवला. "चमचे परत आत ठेवू का रे, म्हाताऱ्या?"

रादामेसनं तिन्ही खण उघडून ठेवले होते आणि तो समोर स्टुलावर बसला होता. त्यातली प्रत्येक केबल कुठे ना कुठे बसत होती. कोणती कुणाची हे आता देवालाही सांगता आलं नसतं. एलोइनानं डबा उचलून परत नेला. टोमणा मारायलाही समोरचा माणूस धड असावा लागतो.

नोराइदा पुन्हा पनामाला निघाली तेव्हा तो गाडीपर्यंत गेला. "कोमाद्रे, मायदोलिसनं काही दिलं तर खोकं आण. स्पंज आण. पिशवी, दोरा, चिठ्ठी, जे असेल ते. एलोइनाच्या गोळ्या आहेत अजून."

"एवढ्याशा पट्टीला खोकं?" नोराइदा म्हणाली. मग त्याचं तोंड बघून म्हणाली, "आणते."

रविवारी सोइला आली. तिच्या हातात रुमालात बांधलेली डिस्क होती. रादामेसनंच ती तिला परत दिली होती. ती टेबलावर ठेवून सोइला त्या दिवशीच्याच खुर्चीत बसली. हळूहळू गल्लीही आली, सवयीनं.

"पोरा, एक विचारायचं होतं," सोइला म्हणाली. "ती दहावी ओळ काय होती?"

रादामेसला कळेना. "तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी कधी असायचे का तिथं? मी आत असायचे."

"पण एकटीनं कधी..."

"ऐकेन कधीतरी, म्हणत होते. जातो कुठे आता, म्हटलं." ती रुमालाची गाठ सारखी करत होती. "तू तर सगळं उतरवून घेतलंस. तुला आठवत असेल."

रादामेसनं डोळे मिटले. त्या कॅसेटी त्यानं कितीदा ऐकल्या होत्या. त्याला सगळं आठवत होतं. कुठे टेप घासली होती, कुठे मागे विजेची बारीक गुणगुण होती आणि ती त्यानं कशी काढली होती, कुठे एक कुत्रा भुंकला होता. गुणगुण तर आत्ताही कानात होती. शब्दांकडे त्यानं लक्ष दिलं नव्हतं. शब्द फिलिबेर्तोचं काम, आपलं काम आवाज.

"मला गुणगुण आठवतेय," तो म्हणाला.

मग दाराशी कुणीतरी पहिली ओळ म्हटली. दुसऱ्यानं दुसरी. भात करपला. बोलणं करपलं. झाडू आला, फाटक आलं. एकाला एक शब्द आठवला, दुसऱ्यानं तो दुरुस्त केला, आणि सगळे मिळून अडखळत का होईना नवव्या ओळीपर्यंत पोचले. एवढं होऊन तुझ्याच दारी का परततो मी, सोइला, तर...

गल्ली थांबली. ह्यापुढचं कुणी हसण्यातून कधी ऐकलंच नव्हतं. सगळ्यांनी सवयीनं सोइलाच्या खुर्चीकडे बघितलं. हसू अगदी ओठांशी तयार होतं.

सोइला उठली नाही. मांडीवर हात ठेवून, मान जरा पुढं काढून ती रादामेसच्या तोंडाकडे बघत तशीच बसून राहिली.